लिफ्टजवळची खोली

३ फेब्रुवारी

ही डायरी मुळात माझी नाही. दोनशे चारमधले पाहुणे उशीखाली विसरून गेले होते. आत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. आमच्या हॉटेलात सापडलेली वस्तू वर्षभर सांभाळायची आणि कुणी मागायला आलं नाही तर जिला सापडली तिला द्यायची असा नियम आहे. गेल्या आठवड्यात वर्ष भरलं. डायरी गेल्या सालची असल्यामुळे छापलेले वार चुकीचे आहेत, म्हणून मी वार खोडते आणि तारीख ठेवते.

आज मला सत्तावन्न पूर्ण झाली. सकाळी साहेब लिनन रूममध्ये आले. मला वाटलं, कुणी सांगितलं की काय यांना वाढदिवसाचं. पण ते रजेचं बोलायला आले होते. "बाई, तुमची रजा साठून साठून तिला बुरशी लागेल. मार्चमध्ये जायचं म्हणजे जायचं." मी म्हटलं, मी गेल्यावर चादरी कोण मोजणार? "चादरी काही पळून जात नाहीत," म्हणाले, आणि गेले. चादरी पळूनच जातात हे त्यांना कोण सांगणार? लिनन रूम म्हणजे हॉटेलातल्या चादरी, अभ्रे, टॉवेल यांची खोली. अठ्ठावीस वर्षं मी तिथली मुख्य आहे.

संध्याकाळी धाकटीचा निरोप आला. दरवर्षी आजच्या दिवशी येतो. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे तिच्या वाढदिवसाला माझी दोन वाक्यं आणि माझ्या वाढदिवसाला तिची दोन. या वेळी मी उत्तरात सहज लिहून गेले की सक्तीची रजा मिळाली आहे. लगेच तिचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. टाइप करायचाही कंटाळा आहे बाईसाहेबांना.

"ताई, मग चल ना. तुझं गाव नको, माझं नको. मधल्या शहरात भेटू. चार दिवस, एका खोलीत. हॉटेल तू निवड, तुला त्यातलं कळतं. माझ्या दोनच अटी. खोली लिफ्टजवळ हवी, आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडावा लागू नये."

महाराणी! अकरा वर्षांनी तोंड दाखवणार, आणि तेही अटी घालून.

मी "बघते" असं लिहिलं. मग तो निरोप पुन्हा चार वेळा ऐकला.

५ फेब्रुवारी

हॉटेल कसं निवडायचं हे लोकांना कळत नाही. लोक फोटो बघतात. फोटोत सगळ्याच चादरी शुभ्र असतात. रिसेप्शनला विचारलं तर तिथली मुलगी गोड आवाजात खोटं बोलते, तिला तेच शिकवलेलं असतं. आपण रिसेप्शनला फोन करून लिनन रूम मागायची. "मी अमुक हॉटेलच्या लिनन रूममधून बोलतेय" म्हटलं की जोडून देतात. मग तिथल्या बाईला दोन गोष्टी विचारायच्या. एका पलंगामागे चादरींचे जोड किती? तीन म्हणाली तर ठीक, एक पलंगावर, एक धुलाईत, एक फळीवर. दोन म्हणाली तर समजावं की ओलसर चादरीवर झोपावं लागणार. आणि दुसरं, फाटलेल्या चादरीचं काय करता? "अभ्रे शिवतो" म्हणाली तर हॉटेल चांगलं. "रफू करून ती बाजू पायाकडे घालतो" म्हणाली तर फोन ठेवून द्यावा.

आज घड्याळाच्या चौकातल्या हॉटेलला फोन केला. पायाकडे घालतात. ठेवला.

९ फेब्रुवारी

चार हॉटेलं झाली. एकाचे जोड दोन. एकाची धुलाई बाहेर जाते, म्हणजे सगळ्या गावाच्या चादरी एका पाण्यात. धाकटीला त्यातल्या त्यात बऱ्या दोन हॉटेलांचे फोटो पाठवले, निदान तिची आवड कळेल म्हणून. दिवसभराने आवाज आला, "फोटो छान असतील गं. पण तूच सांग ना कसं आहे ते. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

असतील म्हणजे काय? पाठवलेत ना मी? डोळे उघडून बघायला किती वेळ लागतो? लहानपणापासून हेच. सगळं आयतं हवं. गेल्या वर्षी नोकरीही सोडली म्हणे. नकाशे काढण्याच्या कचेरीत चांगली वीस वर्षं होती. का सोडली, तर "कंटाळा आला". आम्हाला नाही कधी येत कंटाळा.

१२ फेब्रुवारी

आज एक सापडलं. नदीकाठी आहे, स्टेशनाच्या दारातून निघालं की त्याच फुटपाथवर तिसरी इमारत. लिनन रूमची बाई फोनवर इतकी ओरडून बोलते की मी फोन कानापासून हातभर लांब धरला. तिच्या मागे मशीनं धडधडत असतात, त्यामुळे तिला सवय झाली असणार. मी तिचं नाव भोंगाबाई ठेवलं.

जोड किती, विचारलं. "साडेतीन!" म्हणाली. साडेतीन कसे? "अर्धा मी लपवून ठेवते, आमच्या साहेबांपासून!" मी हसले. कामावर किती दिवसांनी हसले असेन! आमचा इस्त्रीवाला मान वळवून बघायला लागला.

फाटलेल्या चादरीचे ती अभ्रे शिवते, आणि अभ्रे फाटले की त्यांची फडकी. "फडकं फाटलं की मग मी रिटायर होणार," म्हणाली. लिफ्टजवळची खोली मागितली तर म्हणाली, "एकशे बारा घ्या. पहिला मजला, लिफ्टच्या शेजारी, आणि भिंतीपलीकडे आमची इस्त्रीची मशीनं. कुणी घेत नाही ती, खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते म्हणून. पण भिंत दिवसभर गरम असते आणि खोलीला इस्त्रीचा वास येतो. मला जी माणसं आवडतात त्यांना मी तीच देते."

मी म्हटलं, अहो, आयुष्यभर इस्त्रीचा वास घेतला, आता सुट्टीतही तोच घेऊ? बघते आणि कळवते, म्हणाले.

१३ फेब्रुवारी

गरम भिंत काही डोक्यातून जाईना.

आई दवाखान्याच्या धोबीखान्यात इस्त्रीला होती. घरी आमच्याकडे बघायला कुणी नव्हतं म्हणून शाळा सुटली की आम्ही दोघी तिथे. मशीनच्या मागच्या भिंतीला टेकून, चादरींच्या गठ्ठ्यावर. हिवाळ्यात सगळ्या दवाखान्यात तेवढी एकच जागा उबदार होती. पण खिडकी नव्हती. धाकटीला खिडकीचा ध्यास. एकदा तिने कपड्यांवर नंबर घालायची पेन्सिल घेतली आणि भिंतीवर खिडकी काढली. गज, पडदा, बाहेर एक झाड आणि नदीसुद्धा. आईने तिला बदडलं आणि मला पुसायला लावली. ती पेन्सिल धुतली तरी जात नाही, त्याचसाठी असते. मी दोन दिवस घासत होते, धाकटी शेजारी बसून रडत होती. मी म्हटलं होतं, "रडू नकोस, मोठी झाले की तुला खरी खिडकी देईन."

नदी मात्र शेवटपर्यंत पुसली गेली नव्हती.

१९ फेब्रुवारी

नदीकाठचं हॉटेल रद्द. नकाशात बघितलं, शेजारी शाळा आहे, सकाळी गोंगाट असणार. त्याआधी पुलाजवळचं रद्द केलं, तिथे गालिचे आहेत आणि गालिच्यात धूळ असते. बागेसमोरचं चांगलं होतं, पण तिथे चादरींना खळ जास्त घालतात.

हे सगळं भोंगाबाईला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. रद्द करायला एक ओळ पुरली असती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग ओरडली, "बाई, तुम्ही हॉटेल शोधताय की न जायला सबब?"

मी फोन ठेवला. फार आगाऊ बाई आहे.

२० फेब्रुवारी

आई चौदा महिने अंथरुणावर होती. सकाळी तिचं करून कामावर, दुपारी धावत घरी, पुन्हा कामावर. चादर दिवसातून तीनदा बदलायची. हॉटेलात दोनशे आणि घरी एक, पण घरची एकच जड जायची. धाकटीला तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी "येते, येते". चौथ्यांदा केला तेव्हा आईचं काही खरं नव्हतं. मी म्हटलं, "आता आली नाहीस तरी चालेल."

आली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं.

भोंगाबाईला हे माहीत नाही. तिला माहीत असतं तर ती सबब वगैरे म्हणाली नसती. की तरीही म्हणाली असती?

२२ फेब्रुवारी

इस्त्रीवाल्याने विचारलं, "सुट्टीत कुणाबरोबर जाताय?" मी म्हटलं, बहिणीबरोबर. तो म्हणाला, "तुम्हाला बहीण आहे?" बारा वर्षं माझ्या समोर उभा राहून इस्त्री करतोय हा माणूस. त्याची बायको, तिचा दमा, मुलीच्या परीक्षा, मला सगळं पाठ आहे. त्याला माझ्याबद्दल काय ठाऊक आहे? घडी चारपदरी घालते आणि चहात साखर घेत नाही. त्याचा दोष नाही. मी कधी सांगितलंच नाही, आणि कुणी विचारावं असं माझं तोंडही नाही.

घरी आले. कुलूप काढताना रोज वाटतं तेच वाटलं, आत कुणी असतं तर किल्लीचा आवाज झाला नसता. जेवले. एक ताट धुतलं. मला एकटीला चादर आठ दिवस सहज जाते.

२३ फेब्रुवारी

भोंगाबाईला फोन केला. गंजाचा डाग कशाने जातो, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं झाली तुम्हाला, लिंबू आणि मीठ ठाऊक नाही?" मागे मशीनं धडधडत होती. मग जरा खालच्या आवाजात, म्हणजे तिच्या मानाने खालच्या, म्हणाली, "शाळेला दहा मार्चपासून सुट्टी आहे. गोंगाट नसेल. करू का खोली?"

मी हो म्हटलं. दहा तारखेपासून चार दिवस. मी एक दिवस आधी जाणार, सगळं नीट आहे ना बघायला.

२६ फेब्रुवारी

धाकटीला कळवलं. तिचा फोन आला, निरोप नव्हे, फोन. अकरा वर्षांत पहिला. आवाज आईसारखा झालाय तिचा. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तर प्रश्न सुरू. बाथरूमच्या दारात उंबरा आहे का? दार काचेचं तर नाही ना? लिफ्ट मजला बोलून दाखवते का? टॉवेल कुठल्या रंगाचे?

मी म्हटलं, पांढरे, कुठल्याही चांगल्या हॉटेलात पांढरेच असतात. "आणि भिंत?" पांढरी. "मग गडद टॉवेल मिळतील का गं? निळे, तपकिरी, काहीही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. पांढरा टॉवेल म्हणजे हॉटेलची अब्रू! गडद रंग मळ लपवायला. मी म्हटलं, रंगीत हवे असतील तर आपापले घेऊन यावेत. ती हसली. "बरं, आणते." आणि ठेवला. आईचं नाव नाही, माझी विचारपूस नाही. उंबरे आणि टॉवेल!

भोंगाबाईला सांगितलं, म्हटलं बघा, माझी बहीण कशी आहे ती. ती पटकन हसेल असं वाटलं होतं. पण तिने एवढंच विचारलं, "आणखी काय म्हणाली?" मी लिफ्टचं सांगितलं. "हं," म्हणाली.

१ मार्च

रागाच्या भरात झोपले आणि उठले तेव्हा एकदम सुचलं. एकशे बारा नको. नदी दिसेल अशी खोली हवी. भिंतीवर काढलेली ती नदी मी पुसत बसले होते ना? आता खरी देते. तिला सांगायचं नाही, दार उघडून एकदम खिडकीसमोर उभी करायची. मग उंबरा, टॉवेल सगळं विसरेल, आणि बाकीचंही जरा सोपं होईल. मला पहिलं वाक्य कुठलं बोलायचं तेच सुचत नव्हतं. आता बोलायलाच नको, खिडकी बोलेल.

फोन करून खोली बदलली. सहावा मजला, सहाशे नऊ, व्हरांड्याच्या अगदी टोकाला. दोन भिंती काचेच्या. भोंगाबाई म्हणाली, "बहिणीने लिफ्टजवळ सांगितलं होतं ना?"

"एकदा नदी बघितली की लिफ्ट आठवणारही नाही."

"बाई, तिला विचारा एकदा."

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

ती काहीतरी बोलणार होती, पण मशीनचा आवाज वाढला.

६ मार्च

बॅग भरली. उपसली. जावं की नाही? ती आली आणि आम्ही चार दिवस नुसत्याच एकमेकींच्या ताटाकडे बघत बसलो तर? इथे निदान एकटं राहण्याची सवय आहे. तिथे दोघी असून एकटं राहायचं म्हणजे जास्तच वाईट.

बॅग परत भरली.

९ मार्च

पोचले. भोंगाबाई दारात उभी होती. एवढा आवाज आणि देह म्हणावा तर वीतभर! माझ्या खांद्याला लागते. मी हात पुढे केला, तिने तो उलटा करून तळवा बघितला. "खरं बोलत होतात," म्हणाली. "लिनन रूमचाच हात आहे."

सहाशे नऊ छान आहे. चादर ताणलेली, कोपरे शिस्तीत, उशीला उन्हाचा वास. दोन पलंग. मी खिडकीकडचा तिच्यासाठी ठेवला. नदी पूर्ण दिसते, पूल, होड्या, पलीकडची झाडं. संध्याकाळी पाणी तांबूस झालं तेव्हा मी उगाच मोठ्याने म्हणाले, "बघ." मग खोलीत दुसरं कुणी नाही हे लक्षात आलं.

उद्या अकराच्या गाडीने येईल.

१० मार्च

क्रमाने लिहिते, नाहीतर जमणार नाही.

मी खाली लॉबीत खांबापाशी उभी होते. सव्वाअकराला ती दारातून आली. डोळ्यांवर काळा गॉगल, एका हमालाच्या दंडाला हात धरलेला. मनात आलं, बघा, नटी आली. केस सगळे पिकलेत. मी हात वर करून हलवला. तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. एक क्षण, दोन क्षण. आणि तोंड फिरवलं.

माझा हात वरच राहिला. मग मी तो खाली घेतला. म्हटलं, झालं. एवढ्यासाठी बोलावलं होतं. मी जागची हलले नाही. चार वाजता परतीची गाडी आहे हे मला ठाऊक होतं. वर जाऊन बॅग घ्यायची आणि निघायचं, एवढंच मनात होतं. पाच मिनिटं तरी मी तशी उभी राहिले असेन, दहा पावलांवर. ती तिथे बॅग धरून उभी, आणि मी इथे.

मग तिने दारवानाला विचारलेलं ऐकू आलं. "दादा, काउंटर कुठल्या हाताला आहे? तिथे माझी बहीण असेल. उंच आहे. रागावलेली दिसेल."

मला कळलं. सगळं एकदम कळलं, मागून पुढे. टॉवेल, उंबरा, फोटो, नोकरी. मी गेले आणि तिचा हात धरला. तिने बोटांनी माझा तळवा चाचपला आणि म्हणाली, "ताई, अजून खळीत हात घालतेस ना?"

"कधीपासून?" एवढंच विचारता आलं.

"चार वर्षं झाली. हळूहळू गेलं. उजेड कळतो, कडा कळतात. पांढऱ्यावर पांढरं ठेवलं की सगळं गायब."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी आली असतीस. ठाऊक आहे मला. पण तू माझं करायला आली असतीस, ताई. मला तू भेटायला हवी होतीस."

लिफ्टने सहाव्या मजल्यावर गेलो. व्हरांड्यातून ती भिंतीला बोटं लावून चालली होती, ओठ हलत होते. पावलं मोजत होती. शेवटच्या दाराशी म्हणाली, "एकेचाळीस. लिफ्टजवळ म्हणजे तुझ्याकडे एवढं असतं का?" मी दार उघडलं. आत इतका उजेड होता, इतकी नदी होती की मला बघवेना. ती दारातच थांबली, चेहरा उजेडाकडे केला.

"खिडकी आहे," म्हणाली. "मोठी आहे."

मी सांगितलं. भिंतीवरची पेन्सिल, मी पुसलेलं झाड, आणि ही खोली मी का बदलली ते. ती चालत गेली आणि काचेवर तळहात ठेवला. बराच वेळ तशीच उभी होती. मला रडू आवरेना. तोंडावर पदर घेतला तरी तिला ऐकू गेलं.

"रडतेस? रड खुशाल. मला कुठे दिसतंय?"

आणि हसायला लागली. ती हसत होती आणि मी रडत होते, आणि काच थंड होती. तिने हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"ताई, छान आहे. पण मला इथे भीती वाटते गं."

मी खाली भोंगाबाईला फोन केला. एकशे बारा कुणाला दिली आहे का, विचारलं. ती म्हणाली, "नाही. या."

११ मार्च

एकशे बारामध्ये लिहितेय. काल दोघींच्या बॅगा घेऊन आलो तेव्हा दार उघडंच होतं. लिफ्टपासून चार पावलं. बाथरूमला उंबरा नाही. आणि आत दांडीवर दोन गडद निळे टॉवेल. हॉटेलच्या सलूनमधले. तिथे केसांच्या रंगाचे डाग पडतात म्हणून गडद वापरतात. भोंगाबाईने ते केव्हाच आणून ठेवले होते.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तुम्ही टॉवेलांचं सांगितलंत तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलणार? बहीण तुमची."

धाकटी पलंगावर बसली, हात मागे नेला आणि भिंतीला लागला तसा तो तिथेच ठेवला. मग दुसराही. मग सगळी पाठ टेकली. पलीकडे मशीन धडधडत होतं. "ताई," ती म्हणाली, "आई इस्त्री करतेय."

मीही टेकले. भिंत तशीच गरम होती.

तिथे बसून मी अकरा वर्षांपूर्वीचं विचारलं. म्हटलं, तेव्हाही डोळ्यांचंच काही होतं का? हो म्हणाली असती तर सगळंच मिटलं असतं. मी वाट बघत होते ती हो म्हणायची.

"नाही गं," म्हणाली. "तेव्हा डोळे अगदी ठणठणीत होते. तेव्हा मी नुसती घाबरले. आईला तशी बघायला घाबरले. दोनदा स्टेशनापर्यंत येऊन परत गेले. तू म्हणालीस येऊ नकोस, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते."

राग आला. खरंच आला, खोटं कशाला लिहू? चौदा महिन्यांचा राग असा भिंतीला टेकून जात नाही. पण काल मीही दहा पावलांवर उभी होते आणि पुढे झाले नव्हते. पाच मिनिटं. तिने मला बघितलं नाही, म्हणून तिला ते माहीत नाही.

१२ मार्च

बाहेर कुठे गेलो नाही. एकदा पुलापर्यंत जाऊन आलो, ती माझ्या दंडाला धरून. बाकी वेळ खोलीतच.

दुपारी मी लिहायला बसले. तिने पेनचा आवाज ओळखला. "काय लिहितेस?" मी म्हटलं, डायरी. "माझ्याबद्दल आहे त्यात?"

"आहे."

"वाच."

मी पानं मागे उलटली. तीन फेब्रुवारी. दोनशे चारमधले पाहुणे वाचले, साहेब वाचले, चादरी पळून जातात ते वाचलं. ती हसली. मग तिचा निरोप, लिफ्टची अट, रस्त्याची अट. पुढच्या ओळीवर 'महाराणी' होतं. मी थांबले. गाळलं असतं तर तिला कधीच कळलं नसतं. आणि त्याच्यापुढे किती काय काय होतं! कंटाळा, आयतं हवं, नटी. खांबापाशी उभी राहिले तेही.

वाचलं. "महाराणी! अकरा वर्षांनी तोंड दाखवणार, आणि तेही अटी घालून."

पलीकडचं मशीन थांबलं होतं, बहुतेक त्यांची जेवायची सुट्टी. मग ती भिंतीवरून सरकत माझ्याकडे आली आणि तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला.

"आणखी काय काय म्हटलंयस मला?"

"बरंच आहे."

"काही गाळू नकोस," ती म्हणाली. "अजून दीड दिवस आहे."

मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागले.